मराठी आकाशवाणी-दूरदर्शनवर लक्ष कोणी ठेवायचं?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: खासगी वाहिन्या आणि मोबाइल यांच्या काळात आकाशवाणीच्या मराठी केंद्रांना आणि सह्याद्री वाहिनीला काही भवितव्य उरलं आहे का? आणि ती दिल्लीकडून काढून राज्याच्या विधिमंडळाच्या देखरेखीखाली आणली तर त्यांचं भलं होईल का?

मी आकाशवाणीच्या मराठी केंद्रांवर कार्यक्रम विभागात उभी नोकरी केली. त्या आधारावर आधी थेट उत्तर देतो. भवितव्य आहे आणि गरज तर पूर्वीपेक्षा जास्त आहे. देखरेखही हवी, पण ती राज्य सरकारच्या हातात द्यायला माझा ठाम विरोध आहे. ज्या देखरेखीची आपण मागणी करतो आहोत ती, आकाशवाणी-दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारती महामंडळाच्या १९९०च्या कायद्यात लिहिलेलीच आहे. संसदेची समिती, श्रोत्यांच्या तक्रारींसाठी परिषद, त्या परिषदेला प्रादेशिक परिषदा स्थापण्याचा अधिकार, हे सगळं त्यात आहे. त्यातलं काहीही प्रत्यक्षात उभं राहिलेलं नाही. मराठी केंद्रांची आजची अवस्था मला मुख्यतः या एका गोष्टीतून आलेली दिसते. पैसा, तंत्रज्ञान, मनुष्यबळ या अडचणी खऱ्या आहेत, पण त्यांबद्दल कुणीतरी वेळेवर विचारायला हवं होतं आणि विचारणारं कुणी नव्हतं.

आधी गरजेबद्दल, कारण बरेच जण इथेच शंका घेतात. आपल्या देशात खासगी एफएम केंद्रांना स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. फार तर आकाशवाणीचं बातमीपत्र जसंच्या तसं लावता येतं. कम्युनिटी रेडिओचंही तेच. म्हणजे रेडिओवर मराठीतून बातमी ऐकायची असेल तर आकाशवाणीच्या प्रादेशिक वृत्त विभागाशिवाय दुसरा पर्यायच नाही. टीव्हीवर मराठी वृत्तवाहिन्या भरपूर आहेत, पण त्यांच्या बातम्यांचा मोठा भाग मुंबईत घडतो आणि संध्याकाळ चर्चांमध्ये जाते. गडचिरोलीतल्या रस्त्याची किंवा सांगोल्यातल्या डाळिंबावरच्या तेल्या रोगाची गोष्ट जाहिरातदाराला विकता येत नाही, म्हणून ती तिथे येत नाही. खासगी वाहिनीला यासाठी दोष देण्यात अर्थ नाही. तिचा तो धंदाच आहे. ज्याला गिऱ्हाईक नाही पण ज्याची निकड आहे, ते दाखवायला आणि ऐकवायला सार्वजनिक प्रसारण असतं.

२०१९च्या ऑगस्टमधला महापूर आठवा. सांगली-कोल्हापुरात अनेक भागांत वीज गेली, मोबाइलला रेंज नाही, रस्ते बंद. अशा वेळी माणसाला राज्याचा आढावा नको असतो. त्याला आयर्विन पुलाजवळ पाणी किती फुटांवर आहे, राजाराम बंधाऱ्याची पातळी काय, कोयनेतून किती विसर्ग चालू आहे, हे हवं असतं. सांगलीत पाणी ४५ फुटांवर गेलं की धोक्याची पातळी ओलांडली, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. ३८वरून ४१वर यायला किती तास लागले, यावरून लोक जनावरं कधी सोडायची ते ठरवतात. हे आकडे नुसते वाचून चालत नाहीत. निवेदकाला गावं माहीत असावी लागतात. हरिपूर आधी पाण्यात जातं की दत्तनगर, हे त्याला ठाऊक असावं लागतं. बॅटरीवरचा छोटा रेडिओ आणि गाव ओळखणारा निवेदक, एवढ्या दोन गोष्टींवर त्या रात्री खूप काही अवलंबून असतं. चारशे किलोमीटरवरून सहक्षेपित होणारा, म्हणजे दुसऱ्या केंद्राचा जसाच्या तसा लावलेला, कार्यक्रम कितीही दर्जेदार असला तरी ते काम करू शकत नाही.

शेतीचंही तसंच. आणि इथे महाराष्ट्राला सांगण्यासारखा इतिहास आहे, जो आपण स्वतःच विसरलो. १९५६ साली युनेस्कोच्या मदतीने पुणे आकाशवाणीने मराठी मुलखातल्या पाच जिल्ह्यांत, १५० गावांमध्ये रेडिओ शेतकरी मंडळांचा प्रयोग केला. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम, असे एकूण २०. गावातली पंधरा-वीस माणसं एकत्र बसून ऐकायची आणि मग त्यावर चर्चा करायची. यातला खरा गाभा पुढे आहे. चर्चेत निघालेले प्रश्न, शंका, हरकती लिहून केंद्राकडे परत जायच्या आणि त्यांची उत्तरं पुढच्या कार्यक्रमांत द्यायची. टाटा समाजविज्ञान संस्थेने प्रयोग नसलेल्या गावांशी तुलना करून त्याचं मूल्यमापन केलं आणि मंडळांच्या गावांत माहिती व चर्चा दोन्ही स्पष्टपणे वाढल्याचं दिसलं. पुढे हीच कल्पना देशभर नेण्यात आली.

मला या प्रयोगाचं महत्त्व शेतीपुरतं वाटत नाही. केंद्र श्रोत्याला उत्तरदायी आहे, ही गोष्ट तिथे रोजच्या कामाच्या पद्धतीतच बसवली होती. केंद्राने काय सांगावं हे ऐकणारा ठरवू शकत होता, आणि त्याने विचारलेलं टाळता येत नव्हतं. पुढे प्रत्येक केंद्राला कार्यक्रम सल्लागार समिती, ग्रामीण कार्यक्रमांसाठी वेगळी समिती अशी व्यवस्था होती. नोकरीच्या सुरुवातीला मी अशा बैठकांची टिपणं काढली आहेत. एका बैठकीत एक प्रगतशील शेतकरी, एक महाविद्यालयीन प्राध्यापक आणि महिला मंडळाच्या एक कार्यकर्त्या यांनी मिळून आमच्या तिमाहीच्या आराखड्याची अक्षरशः चिरफाड केली. संध्याकाळच्या शेतीच्या कार्यक्रमात कोरडवाहू शेती कुठे आहे, सगळं उसावरच का, हा प्रश्न होता आणि तो शंभर टक्के रास्त होता. पुढच्या तिमाहीत ज्वारी, करडई, तूर आराखड्यात आली. त्यानंतरच्या वर्षांत मी ज्या केंद्रांवर होतो तिथे या बैठका विरळ होत गेल्या आणि शेवटी थांबल्या. कुणी हुकूम काढून त्या बंद केल्या नाहीत. समितीची मुदत संपली, नवी नावं वर मंजुरीला गेली आणि परत आलीच नाहीत.

आता कायद्याकडे येऊ. प्रसार भारती कायदा १९९०चा, अंमलात आला १९९७च्या सप्टेंबरात, आणि महामंडळ उभं राहिलं त्याच वर्षी २३ नोव्हेंबरला. त्याआधी १९७८ साली आकाशवाणी-दूरदर्शनच्या स्वायत्ततेवर नेमलेल्या वर्गीस समितीने स्वायत्त न्यासाची आणि विकेंद्रित रचनेची शिफारस केली होती. केंद्रांना आपापल्या प्रदेशात निर्णय घेता यावेत, हा त्या अहवालाचा आग्रह होता. १९९०च्या कायद्यात स्वायत्तता काही प्रमाणात आली, विकेंद्रीकरण मात्र बहुतेक गळून पडलं. मंडळात अध्यक्ष, मुख्य कार्यकारी, वित्त आणि कार्मिक सदस्य, अर्धवेळ सदस्य, दोन महासंचालक, मंत्रालयाचा एक प्रतिनिधी, कर्मचाऱ्यांचे दोन प्रतिनिधी असे सगळे आहेत. भाषांचे किंवा प्रदेशांचे प्रतिनिधी म्हणून कुणीही नाही.

तरी कलम १२ मध्ये उद्दिष्टं सांगताना देशाच्या निरनिराळ्या प्रदेशांतल्या संस्कृतींना आणि भाषांना पुरेसं स्थान देण्याची जबाबदारी स्पष्ट शब्दांत महामंडळावर टाकली आहे. ती पार पडते की नाही हे पाहायला कलम १३ मध्ये संसदेची २२ सदस्यांची समिती आहे. त्यात १५ लोकसभेचे, ७ राज्यसभेचे, आणि नेमणूक प्रमाणशीर प्रतिनिधित्वाने निवडणूक घेऊन. म्हणजे सत्ताधाऱ्यांना हवी ती नावं भरता येणार नाहीत, याची काळजी कायदा करणाऱ्यांनी घेतली होती. १९९७ साली कायदा अंमलात आणतानाच एक अध्यादेश काढून ही समिती वगळण्यात आली. त्या अध्यादेशाचं कायद्यात रूपांतर झालं नाही, तो मुदत संपून गेला आणि कलम १३ पुन्हा जिवंत झालं. पण समिती काही स्थापन झाली नाही. त्यानंतर केंद्रात वेगवेगळ्या आघाड्यांची सरकारं आली, त्यांत एकमेकांचे कट्टर विरोधकही होते. या एका बाबतीत सगळ्यांचं वागणं सारखंच राहिलं.

कलम १४ आणि १५ तर श्रोत्यांसाठीच आहेत. प्रसारण परिषद, तिच्यात एक अध्यक्ष आणि सार्वजनिक जीवनातले दहा मान्यवर सदस्य, शिवाय चार खासदार. कुणाही नागरिकाने कार्यक्रमाबद्दल तक्रार केली तर ती या परिषदेने ऐकायची. तक्रार रास्त ठरली तर मुख्य कार्यकाऱ्याला सल्ला द्यायचा. त्याने नाही मानलं तर विषय मंडळापुढे. मंडळानेही नाही मानलं तर त्याने कारणं लेखी द्यायची. आणि परिषदेला योग्य वाटलं तर त्या तक्रारीवरची आपली शिफारस ती खुद्द आकाशवाणी-दूरदर्शनवरून प्रसारित करायला लावू शकते. याच परिषदेला गरजेनुसार प्रादेशिक परिषदा नेमता येतील असंही कायदा सांगतो. एवढी नेटकी व्यवस्था लिहून ठेवलेली आणि तिचं घोंगडं इतकी वर्षं भिजत पडलेलं, याचा मला अजूनही राग येतो.

मग आज देखरेख होतच नाही का? होते, पण वेगळ्या गोष्टींची. माहिती तंत्रज्ञान व दळणवळण विषयाची संसदीय स्थायी समिती दरवर्षी माहिती व प्रसारण मंत्रालयाच्या अनुदानाच्या मागण्या तपासते, त्यात प्रसार भारती येते. कॅग हिशेब तपासतात. वार्षिक अहवाल सभागृहात ठेवला जातो, खासदार तारांकित-अतारांकित प्रश्न विचारतात. या समित्यांचं काम मी कमी लेखत नाही. रिक्त पदांचा प्रश्न त्यांनी पुन्हा पुन्हा लावून धरला आहे. पण त्यांची चौकट अनुदानाची आहे. किती निधी दिला, किती खर्च झाला, किती ट्रान्समीटर बसले. २०२३च्या जानेवारीत मंजूर झालेली २,५३९ कोटींची पायाभूत सुविधांची योजना घ्या. एफएमचं जाळं देशाच्या ५९ टक्के भूभागावरून ६६ टक्क्यांवर, आणि ६८ टक्के लोकसंख्येवरून ८० टक्क्यांवर न्यायचं, हे तिचं लक्ष्य. चांगलं आहे, व्हायलाच हवं. पण त्या वाढलेल्या १२ टक्के लोकांच्या रेडिओत कोणत्या भाषेतून, कुठे तयार झालेलं, काय ऐकू येणार? हा प्रश्न अनुदानाच्या मागण्यांत बसत नाही. तो कलम १२चा प्रश्न आहे आणि कलम १२वर नजर ठेवणारी समिती अस्तित्वात नाही.

आकाशवाणी केंद्रात हे कसं दिसतं ते सांगतो. प्रत्येक केंद्राचा एक फिक्स्ड पॉइंट चार्ट असतो. पहिली सभा (म्हणजे सकाळचं प्रसारण) किती वाजता सुरू, कोणत्या मिनिटाला काय, सगळं त्यावर. ड्यूटी रूममध्ये तो भिंतीवर लावलेला असायचा. माझ्या उमेदीच्या काळात त्या चार्टवर आमच्या स्वतःच्या निर्मितीचे चौकोन जास्त आणि सहक्षेपणाचे कमी होते. निवृत्तीच्या सुमारास हे प्रमाण उलटं झालं होतं. एक कार्यक्रम अधिकारी तीन जणांचं काम बघतो. नियमित निवेदक निवृत्त झाले, त्यांच्या जागी नवे भरले गेले नाहीत, नैमित्तिक उद्घोषकांवर केंद्र चालतं आणि त्यांना महिन्यातल्या मोजक्याच ड्यूट्या मिळतात. बाहेरच्या ध्वनिमुद्रणाला गाडी मिळत नाही. मग चार्टवरचा चौकोन भरायचा कसा? सहक्षेपण घ्यायचं. त्याला खर्च नाही, मनुष्यबळ नाही, कुणाची हरकत नाही. अशा रीतीने केंद्र बंद न करताही केंद्र संपतं. इमारत, मनोरा आणि पाटी जागेवर राहते, आणि आतून त्या जिल्ह्याचा आवाज गेलेला असतो. आकडेवारीत मात्र ते चालू केंद्र म्हणूनच मोजलं जातं.

पुणे केंद्राच्या प्रादेशिक वृत्त विभागाचं प्रकरण म्हणूनच नीट पाहायला हवं. २०२३च्या जूनमध्ये बातमी आली की हा विभाग बंद होणार आणि पुण्याहून जाणारी बातमीपत्रं छत्रपती संभाजीनगरकडे जाणार. पूर्णवेळ अधिकारी नाहीत, असं कारण पुढे आलं. सकाळी सात वाजून दहा मिनिटांचं पुण्याचं बातमीपत्र ही लाखो घरांची सवय आहे. घड्याळ लावणं, मुलांचे डबे, दूध, सगळं त्यावर. लोक भडकले. श्रोते, पत्रकार, सर्वपक्षीय लोकप्रतिनिधी बोलले, आणि काही दिवसांतच निर्णयाला स्थगिती मिळाली. आनंद झालाच. पण विचार करा, हा निर्णय बदलला कशामुळे? पुणे हे मोठं शहर आहे, तिथे वृत्तपत्रं आहेत, दिल्लीत फोन लावू शकणारी माणसं आहेत. हाच निर्णय परभणी किंवा रत्नागिरीच्या एखाद्या कार्यक्रमाबद्दल झाला असता तर? कुठल्या समितीपुढे सुनावणी झाली असती? कुणी कारणं लेखी मागितली असती? एखादी सेवा वाचते की जाते हे कुणाचा फोन किती वजनदार आहे यावर ठरत असेल, तर लहान जिल्ह्यांना वाली नाही.

आता दुसरा भाग: राज्याकडे द्यावं का?

कायद्याने आज ते शक्य नाही. संविधानाच्या सातव्या अनुसूचीतल्या संघसूचीत, ३१व्या नोंदीत प्रसारण येतं. त्यामुळे विधानसभेला या विषयावर कायदाच करता येत नाही. २०२२च्या ऑक्टोबरमध्ये केंद्र सरकारने राज्य सरकारांनी प्रसारणाच्या क्षेत्रात उतरू नये आणि त्यांच्या चालू शैक्षणिक वाहिन्याही प्रसार भारतीमार्फतच चालवाव्यात, अशी सूचना काढली. गंमत म्हणजे इंग्रजांच्या १९३५च्या कायद्यात, कलम १२९ मध्ये, प्रांतांना स्वतःचे ट्रान्समीटर उभारण्यासाठी लागणारे अधिकार द्यायला संघ सरकारने विनाकारण नकार देऊ नये, असं म्हटलं होतं. स्वतंत्र भारताची रचना याबाबतीत जास्त केंद्रीकृत झाली. म्हणून संघसूचीत बदल करा, अशी मागणी दक्षिणेतून अधूनमधून होते आणि तिच्यामागची भावना मला समजते.

तरीही मी नाही म्हणतो. सरकारी प्रसिद्धीचं काम आणि सार्वजनिक प्रसारण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपल्याकडच्या कुठल्याही सरकारला, दिल्लीतल्या असो वा मुंबईतल्या, हा फरक फारसा आवडत नाही. मुख्यमंत्र्यांचा दौरा पहिल्या बातमीत घ्यावा, विरोधी पक्षनेत्याची मुलाखत पुढे ढकलावी, असे 'निरोप' दिल्लीपेक्षा मुंबईहून लवकर पोहोचतील. अंतर कमी झालं म्हणून स्वातंत्र्य वाढत नाही. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने क्रिकेट असोसिएशन ऑफ बंगालच्या खटल्यात प्रसारणलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, तिचं नियमन सरकारपासून स्वतंत्र अशा सार्वजनिक संस्थेने करावं, असा निर्णय दिला. मुख्य निकालपत्र न्या. पी. बी. सावंत यांचं होतं. त्या निकालाचा अर्थ मालक दिल्लीतून मुंबईत हलवा असा होत नाही. मालक नागरिक आहे, असा तो आहे.

प्रदेशाकडे सत्ता देऊनही सरकारला लांब ठेवता येतं. जर्मनीत प्रसारण हा घटक राज्यांचा विषय आहे. एआरडी ही तिथल्या प्रादेशिक प्रसारण संस्थांची मिळून बनलेली संघटना आहे आणि प्रत्येक संस्थेवर चर्च, कामगार संघटना, शेतकरी, क्रीडा, विद्यापीठं अशा समाजघटकांच्या प्रतिनिधींची परिषद असते. २०१४ साली तिथल्या संघीय घटना न्यायालयाने झेडडीएफ या सार्वजनिक वाहिनीच्या खटल्यात सांगितलं की अशा परिषदांत सरकार आणि राजकीय पक्षांशी जोडलेले सदस्य एक तृतीयांशापेक्षा जास्त असता कामा नयेत. एक तृतीयांश ही मर्यादा आपण डोळे झाकून उचलावी, इतकी ती शहाणपणाची आहे. वेल्समध्ये लोकांनी वेल्श भाषेच्या वाहिनीसाठी लढा दिला आणि १९८२ साली एसफोरसी सुरू झाली. स्कॉटलंडमध्ये बीबीसी आपला वार्षिक अहवाल स्कॉटिश संसदेपुढेही ठेवते. प्रसारण हा विषय लंडनच्या अखत्यारीत असूनही स्कॉटलंडचे आमदार बीबीसीच्या अधिकाऱ्यांना बोलावून प्रश्न विचारू शकतात. अधिकार न हलवता जाब विचारण्याची ही सोय आपल्याला जमण्यासारखी आहे.

मग माझं म्हणणं काय? कलम १३ची समिती आधी स्थापन करा, आणि तिच्या पहिल्या अहवालाचा विषय प्रादेशिक भाषांतली स्वतःची निर्मिती हाच ठेवा. प्रसारण परिषद नेमा आणि तिने महाराष्ट्र-गोव्यासाठी प्रादेशिक परिषद नेमावी. तिच्यात शेतकरी, मच्छीमार, शिक्षक, कलावंत, आदिवासी भागातले कार्यकर्ते, निवृत्त प्रसारक असावेत, आणि आजी-माजी आमदार-खासदार एक तृतीयांशाच्या आत. विदर्भ, मराठवाडा, कोकण यांना नावापुरतं नव्हे, प्रमाणात स्थान हवं. गोव्याला सोबत घ्यायचं कारण असं की पणजी केंद्र कोकणी आणि मराठी दोन्ही सांभाळतं, आणि मध्यम लहरी (मीडियम वेव्ह) राज्यांच्या सीमा पाळत नाहीत. सांगली केंद्र बेळगाव, अथणीकडच्या मराठी घरांत वर्षानुवर्षं ऐकलं गेलं आहे. भाषा हा आधार धरला तर राज्याची हद्द अपुरी पडते, हाही राज्य सरकारकडे न देण्याचा एक मुद्दाच.

या परिषदेने दरवर्षी एक जाहीर अहवाल काढावा. त्यात प्रत्येक केंद्राच्या स्वतःच्या निर्मितीचे तास असावेत आणि तो संसदेबरोबर महाराष्ट्र आणि गोवा विधिमंडळांतही चर्चेला ठेवावा. चर्चा करायला संघसूची आडवी येत नाही. केंद्र संचालकाला एका ठराविक रकमेपर्यंत कार्यक्रम मंजूर करण्याचा आणि आपत्तीत सहक्षेपण तोडून स्थानिक प्रसारण सुरू करण्याचा निर्विवाद अधिकार लेखी असावा. पुराच्या रात्री वरून मंजुरीची वाट बघणं परवडत नाही.

पैशाबद्दल फार लांबवत नाही. रेडिओ परवान्याचं शुल्क १९८५ साली गेलं, जाहिराती १९६७ साली विविध भारतीवर मुंबई, पुणे, नागपूरहून सुरू झाल्या आणि पुढे कमाईचा दबाव सगळ्यांवर आला. आज पगार सरकारी अनुदानातून होतात, कार्यक्रमांचा खर्च मुख्यतः कमाईतून करायचा. म्हणजे माणसं कमी झाली की सरकारचा खर्च वाचतो आणि कमाई कमी झाली की कार्यक्रम कापले जातात. या दोन्ही टोकांत प्रादेशिक निर्मिती चिरडते. तिच्यासाठी वेगळा, पाच वर्षांसाठी निश्चित केलेला निधी हवा, जो अर्थसंकल्पाच्या वेळी दरवर्षी भीक मागून मिळवावा लागणार नाही.

तंत्रज्ञान मात्र खरोखर गुंतागुंतीचं आहे. दूरदर्शनचे जमिनीवरचे जुने ट्रान्समीटर मार्च २०२२पर्यंत, मोक्याची काही ठिकाणं वगळता, बंद झाले. सह्याद्री आता मुख्यतः डिश किंवा केबलवर दिसते. केबल कायद्याप्रमाणे राज्याची प्रादेशिक दूरदर्शन वाहिनी केबलवाल्याला दाखवावीच लागते, पण स्मार्ट टीव्हीच्या पडद्यावर तसं कुठलंच बंधन नाही. तिथे कोणत्या अॅपचा चौकोन आधी दिसेल हे टीव्ही बनवणारी कंपनी आणि पैसे ठरवतात. प्रसार भारतीने २०२४च्या नोव्हेंबरमध्ये गोव्यातल्या इफ्फी चित्रपट महोत्सवात 'वेव्हज' हे ओटीटी अॅप सुरू केलं, ते चांगलं पाऊल आहे. पण गावातल्या माणसाला ते शोधून काढावं लागत असेल तर ते त्याच्यापर्यंत पोहोचलं असं म्हणता येणार नाही. ब्रिटनने २०२४च्या माध्यम कायद्यात सार्वजनिक वाहिन्यांना स्मार्ट टीव्हीवर ठळक जागा देणं बंधनकारक केलं. आपल्याकडे पुढचा प्रसारण कायदा येईल तेव्हा त्यात भाषिक वाहिन्यांसाठी हे कलम हवंच हवं, आणि हे मागायला कलम १३ची समिती असती तर किती बरं झालं असतं.

रेडिओच्या बाबतीत माझी काळजी मध्यम लहरींची आहे. जुने मध्यम लहरींचे ट्रान्समीटर विजेवर खर्चिक आहेत, सुटे भाग मिळत नाहीत, आवाज एफएमसारखा स्वच्छ नाही, हे सगळं मान्य. पण एफएम साधारण दृष्टिरेषेत चालतं. सह्याद्रीच्या घाटात, मेळघाटात, कोकणातल्या वळणावळणाच्या खोऱ्यांत मनोऱ्याच्या आड डोंगर आला की ते संपलं. मध्यम लहर जमिनीला धरून लांब जाते. म्हणून एखादं केंद्र एफएमवर नेण्याआधी त्या जिल्ह्यातल्या सावलीतल्या गावांची यादी करावी आणि ती प्रसिद्ध करावी. मोबाइलमध्ये एफएम ठेवा, असं केंद्र सरकारने २०२३ साली कंपन्यांना सांगितलं, त्याची खरोखर अंमलबजावणी झाली तर पूर-भूकंपात त्याचा मोठा आधार होईल.

मराठीला २०२४च्या ऑक्टोबरमध्ये अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, त्याचा मला मनापासून अभिमान आहे. आकाशवाणीच्या केंद्रांनी तीन-चार पिढ्यांचे मराठी आवाज ध्वनिमुद्रित केले. त्यांतल्या किती फिती टिकल्या हा वेगळा दुखरा विषय आहे. मी ज्या एका केंद्रावर होतो तिथे नव्या फितींच्या टंचाईमुळे जुन्या पुसून पुन्हा वापरल्या जात. काय ठेवायचं, काय पुसायचं हे एका कारकुनाच्या टेबलावर ठरत असे. प्रादेशिक परिषद असती तर निदान ती यादी कुणीतरी वाचली असती.

शेवटी, प्रश्नकर्त्याला हाताशी असलेलं काम सांगतो. प्रसार भारतीला माहिती अधिकार कायदा लागू आहे. आपल्या जवळच्या केंद्राला अर्ज करा आणि एवढंच विचारा: गेल्या तीन वर्षांत दर महिन्याला केंद्राच्या स्वतःच्या निर्मितीचे तास किती आणि सहक्षेपणाचे किती, कार्यक्रम विभागातली मंजूर पदं किती आणि भरलेली किती, कार्यक्रम सल्लागार समितीची शेवटची बैठक कोणत्या तारखेला झाली आणि तिचं इतिवृत्त, केंद्रातल्या जुन्या ध्वनिफितींपैकी किती डिजिटल झाल्या. उत्तर आलं की ते आपल्या खासदाराला द्या आणि कलम १३ची समिती का नेमली नाही, हा प्रश्न सभागृहात विचारायला सांगा. सोबत लोकसभेच्या याचिका समितीकडे अर्ज करता येतो, तो मराठीत लिहिला तर सही केलेलं हिंदी किंवा इंग्रजी भाषांतर जोडा, त्यावर शंभर श्रोत्यांच्या सह्या घ्या. अर्ज कसा लिहायचा यात अडचण आली तर मसुदा करायला मी मदत करीन.